सहाव्या थरापाशी थांबलेले कण

१९६७च्या मे महिन्यात अकोल्यातील कापसाच्या एका रिकाम्या जिनिंगमध्ये एक तारा फुटला. तो फुटावा असे त्याच्या गणितात कुठेही नव्हते. गणित माझे होते, म्हणून एवढे मी अधिकाराने सांगू शकतो. फुटण्याचे श्रेय प्राध्यापक केशवराव पांढरीपांडे यांनी घेतले. आणि पुढे तेच फुटणे चूक म्हणून उघडे पडू लागले तेव्हा चूक जयवंता शिरसाट हिच्या पदरात घालण्यात आली. श्रेय आणि दोष यांची ही वाटणी आपल्याकडे इतकी जुनी आहे की तिला कोणी वाटणी म्हणत नाही, रीत म्हणतात.

केशवराव अमरावतीच्या आमच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख. मी, भगवंत तेलगोटे, त्याच विभागात कनिष्ठ अधिव्याख्याता. विभागात सगळे मला अत्यंत आदराने 'सर' म्हणत, आणि माठावरचा माझा पेला वेगळा असे. जयवंता अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेत गणित शिकवीत होती. गणितात एम. एस्सी., पहिला वर्ग. आमच्याच वस्तीतली, छप्पन साली आमच्याच बरोबर बौद्ध झालेल्या घरातली. त्या वर्षी आमच्या विभागात गणिती भौतिकीची एक जागा निघाली होती आणि तिने अर्ज केला होता. मुलाखती जूनमध्ये होत्या. "उन्हाळ्यात या आकडेमोडीला बसा, हा अनुभव निवड समितीपुढे मी स्वतः मांडीन," असे केशवरावांनी तिला माझ्यासमोर सांगितले होते. ती बसली ती त्या शब्दावर.

आकडेमोड कशाची होती ते सांगायला हवे. मोठा तारा आयुष्याच्या शेवटी स्वतःच्याच भाराखाली आत कोसळतो. कोसळताना त्याचा गाभा असा तापतो की त्यातून न्यूट्रिनो नावाच्या कणांचा लोंढा बाहेर पडतो. न्यूट्रिनोला विद्युतभार नाही, वस्तुमान असल्याचा पुरावा नाही, आणि समोरच्या पदार्थाशी संबंध ठेवण्याची त्याला जवळजवळ इच्छाच नाही. पृथ्वीच्या एका अंगाने शिरून तो दुसऱ्या अंगाने निघून जातो. पृथ्वीला पत्ता लागत नाही. प्रश्न असा होता, की कोसळत्या ताऱ्याच्या घट्ट गाभ्याभोवती यातले काही कण अडकतात का, आणि आपली उष्णता बाहेरच्या थरांना देऊन त्यांना उधळून लावतात का? वर्षभरापूर्वी अमेरिकेतल्या संशोधकांनी यंत्रावर हिशेब करून 'होय' म्हटले होते; पण तिथे गुरुत्वाकर्षण न्यूटनच्या जुन्या रीतीने धरले होते. दुसऱ्या एका हिशेबात आइन्स्टाइनची सापेक्षता होती, पण न्यूट्रिनो वगळलेले होते. मला दोन्ही एकत्र हवे होते.

त्यासाठी कॉम्प्युटर हवा. मुंबईला एका संस्थेत तो होता. त्याच्यावर काही तास मिळावेत म्हणून मी अर्ज केला. तो विचाराधीन राहिला, आणि माझ्या माहितीप्रमाणे अजूनही त्याच्यावर विचार चालू आहे. तेव्हा मी माणसांचा कॉम्प्युटर बांधला.

ताऱ्याचे नऊ थर कल्पिले. एक थर म्हणजे एक माणूस, त्याचे मेज, त्याची लॉगरिथमची कोष्टके, आणि मी आखून दिलेला त्याचा तक्ता. पहिला गाभ्यात, नववा पृष्ठभागावर, सगळे एका ओळीत. घंटा वाजली की प्रत्येकाने आपल्या थराचे तापमान, घनता आणि त्रिज्या काढायची. मग दोन चिठ्ठ्या लिहायच्या. एक बाहेरच्या शेजाऱ्याला: माझ्या थरातून न्यूट्रिनोंची एवढी ऊर्जा निघाली. दुसरी आतल्या शेजाऱ्याला: माझा तुझ्यावर एवढा दाब. सापेक्षतेनुसार गुरुत्वाकर्षण जिथे जबर तिथे घड्याळ मंद चालते. म्हणून एका घंटेत प्रत्येक थराच्या वाट्याला येणारा काळ वेगळा असे, आणि तो गुणक त्याच्या तक्त्यावर लिहिलेला असे. बाकी काही नाही. चिठ्ठ्या देत राहा, घंटा वाजवत राहा, तारा आपोआप कोसळेल.

हंगाम संपून जिनिंग रिकामे झाले होते. मालक ओमप्रकाश सेठ महाविद्यालयाच्या कार्यकारिणीवर असल्याने ते फुकट मिळाले. अकोला आणि अकोटच्या शाळांतले गणिताचे शिक्षक सुटीत बसायला तयार झाले. ऊन पाहता कामाची दोन सत्रे ठरली, सकाळचे आणि दुपार कलल्यावरचे. बसण्याची व्यवस्था केशवरावांनी केली. सहाव्या थरावर जयवंता. सातव्यावर त्यांच्या थोरल्या विधवा भगिनी सत्यभामाबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्याइतक्या वेगाने कोष्टक वाचणारे माणूस मी दुसरे पाहिलेले नाही. "बायकांशेजारी बायका बऱ्या," असे केशवराव म्हणाले. आठव्यावर अकोटचे खुशालराव, गमत्या आणि हिशेबाचा पक्का माणूस. मला विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासायच्या होत्या म्हणून मी अमरावतीला थांबलो. प्रत्येक सत्राचे कागद एका पाकिटात घालून एस. टी.च्या कंडक्टरबरोबर माझ्याकडे येत.

महिना संपत आला तेव्हा केशवराव माझ्या खोलीत आले. हातात पाकीट होते आणि ते त्यांनी माझ्या आधी फोडलेले होते.

"तेलगोटे! फुटला! सातवा थर बघा. आठवा, नववा, सगळे बाहेर!"

मी पाहिले. सातवा थर भट्टीसारखा तापला होता आणि वरचे दोन थर बाहेर भिरकावले गेले होते.

"सापेक्षता धरूनही स्फोट! अमेरिकेच्या पुढे गेलो आपण. नागपूरच्या विज्ञान अधिवेशनात निबंध वाचू. तुमचं नाव अर्थात दुसरं."

"सातव्या थराची घनता इतकी विरळ आहे, सर. तिथे न्यूट्रिनो अडकायला नकोत."

"अहो, निसर्ग तुम्हाला विचारून वागतो का?" त्यांनी पेढे आणवले. पेढ्यांचे तबक फिरले तेव्हा मला त्यातला पेढा कागदाच्या तुकड्यावर ठेवून देण्यात आला. सवयीने मी तो खाल्ला.

उत्तरपत्रिका बाजूला सारून मी सगळी पाकिटे उघडली आणि सहाव्या थरातून निघालेली ऊर्जा सातव्यात पोहोचलेल्या ऊर्जेशी ताडून पाहिली. एका सत्रात ती जशी निघाली तशी पोहोचत होती. दुसऱ्या सत्रात सातव्या थरात काही घंटा काहीच येत नव्हते, आणि मग एकदम दोन-तीन घंटांचा माल एकत्र आदळत होता. गरम, दाट लोंढा थराला जास्त तापवतो. तापलेला थर पुढचा लोंढा जास्त अडवतो. अशा धक्क्यांवर धक्के बसून सातवा थर फुटला होता. इथवर भौतिकशास्त्र होते. मग मी पाकिटांवरच्या खुणा पाहिल्या. थांबण्याचे सगळे प्रकार सकाळच्या पाकिटांत होते. संध्याकाळच्या एकाही पाकिटात नव्हते.

कित्येक प्रकाशवर्षांवरून येणाऱ्या, पृथ्वीची दखल न घेणाऱ्या कणाला अकोल्यात सकाळ आहे की संध्याकाळ हे कळत असेल, यावर माझा विश्वास बसेना. पहिली गाडी पकडून मी अकोल्याला गेलो.

केशवरावांनी पडताळ्यासाठी शेवटच्या घंटा पुन्हा करायला सांगितल्या होत्या, त्यामुळे ओळ अजून बसत होती. मी मागच्या दाराशी उभा राहिलो. घंटा वाजली. पाचव्याने चिठ्ठी जयवंताच्या हातात दिली. जयवंताने आकडे घेतले, कोष्टक चाळले, आपली चिठ्ठी लिहिली, आणि डावीकडे न पाहता ती दोन मेजांमधल्या तिवईवरच्या पितळी भांड्यात टाकली. सत्यभामाबाई आपल्या कामात होत्या. त्यांनी भांड्याकडे पाहिलेही नाही. पुढची घंटा झाली, आणखी एक चिठ्ठी पडली. मग आठव्या मेजावरून खुशालराव उठले, भांड्यातल्या दोन्ही चिठ्ठ्या उचलल्या, स्वच्छ कागदावर त्यांची नक्कल केली आणि ती सत्यभामाबाईंच्या हातात दिली. बाईंनी दोन्ही आकड्यांची बेरीज करून ती आपल्या थरात घातली.

सातव्याकडून सहाव्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांना काही अडचण नव्हती. त्या बाई वरून जयवंताच्या मेजावर सोडत. वरून खाली टाकायला आपल्या धर्मात कधीच अडचण नव्हती.

घंटा थांबल्यावर मी खुशालरावांना बाहेर बोलावले.

"हे काय चालू आहे?"

"काय, सर? ते व्हय?" ते हसले. "बाईंचं सोवळं असते न दुपारच्या जेवणापर्यंत. संध्याकाळी काई नाई, संध्याकाळी घेतात हातानं. म्या म्हटलं, चला, आपुन देतो लिहून. तेवढीच सेवा."

"तुम्ही कोण?"

"आमी? कुणबी."

"मग सोवळ्यात तुमचा हात कसा चालतो?"

हा प्रश्न आजवर खुशालरावांना कोणी विचारला नव्हता, त्यांनी स्वतःलाही नाही. शास्त्राप्रमाणे पाहिले तर कुणब्याचा हातही सोवळ्याला चालत नाही. पण शास्त्र हे आपल्याकडे रबरी असते. ते कुठे ताणायचे आणि कुठे सैल सोडायचे एवढेच काय ते शिकण्यासारखे असते.

"मले तं असं काई वाटलंच नाई, सर," ते म्हणाले, आणि ते खरे होते. मला त्याचाच राग आला.

"आणि दोन-दोन चिठ्ठ्या साचू का देता?"

"मंग माया थराचं कोन करन? माया थर सोडून मी घडीघडी उठू काय?"

जयवंता भिंतीच्या सावलीत डबा उघडून बसली होती. मी तिला पाकिटांतून काढलेले आकडे दाखवले. तिने ते एकदाच पाहिले.

"म्हंजे माया चिठ्ठ्या उशिरा जाऊन राहिल्या."

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? भांडं हाये म्हून? सर, तुमाले भांडं माहीत नाई, असं मले वाटलंच नाई. आपल्यात कोनाले माहीत नसते? मले वाटलं तुमी ते धरूनच तक्ता बनवला असन." तिने भाकरीचा तुकडा मोडला. "चिठ्ठी उचलाले उशीर होते, हे मात्र मले ठाऊक नव्हतं. मी तिकडं पाहातच नाई. पाहून काय करू?"

मी अमरावतीला परतलो आणि केशवरावांच्या टेबलावर आकडे मांडले. ते शांतपणे वाचत गेले. हुशार माणूस, पहिल्या कागदावरच त्यांना कळले होते.

"हे बघा, तेलगोटे. तुमचीच सापेक्षता सांगते ना, प्रत्येक थराचा काळ वेगळा? मग सातव्याला थोडं उशिरा कळलं तर बिघडलं कुठे?"

"सापेक्षता घड्याळ मंद करते, सर. तिवईवर भांडं ठेवत नाही."

"ताई जुन्या वळणाची आहे. आता तिला बदलायला जायचं का आपण?"

"बदलू नका. आकडे बदला. चिठ्ठी हातोहात दिली तर स्फोट होत नाही. मी एकट्याने शेवटच्या घंटा करून पाहिल्या आहेत. तारा नुसता कोसळतो."

"एकट्याने केल्या! म्हणजे चूक तुमची असू शकते." त्यांनी चष्मा काढून पुसला. "दोनच शक्यता आहेत. एक, स्फोट खरा आहे. निबंध नागपूरला वाचला जाईल, तुमची सही असेल, आणि जूनमध्ये समितीला मी सांगेन की शिरसाटबाईंनी या शोधात मोलाचा वाटा उचलला. त्यांची नेमणूक झाल्यासारखीच समजा. दोन, तुम्ही म्हणता तशी सहाव्या थराशी गडबड आहे. मग ती सहाव्या थरावर बसलेल्या माणसाची. ज्यांच्या आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही त्यांना गणिताच्या जागेवर नेमा, असं मी समितीला कोणत्या तोंडाने सांगू?"

"तिसरी शक्यता आहे."

"ती मी ऐकलेली नाही," केशवराव म्हणाले. "तुम्हीही बोललेला नाहीत. तुमच्याच माणसाचं भलं होतंय, तेलगोटे. सही करा."

मी पुष्कळ वाचलेले आहे. मोह, सौदा, तत्त्वासाठी दुसऱ्याचा बळी देणारे महात्मे, हे सगळे मला पुस्तकांतून परिचित आहे. तत्त्व माझे आणि नोकरी तिची, अशा वेळी तत्त्वनिष्ठ होणे अतिशय स्वस्त पडते. म्हणून मी पुन्हा अकोल्याला गेलो आणि दोन्ही शक्यता जयवंतासमोर ठेवल्या. तिची आई केशरबाई जवळच भाजी निवडत होती.

"घे न नोकरी," केशरबाई म्हणाली. "तारा काय कोनाच्या बापाचा हाये? फुटला तं फुटला."

"माय, थांब न जरा." जयवंता माझ्याकडे वळली. "सर, मी जर हो म्हटलं, तं उद्या वर्गात पोरीईले काय शिकवू? हाच तारा?"

"तसं पाहिलं तर हाच."

"आन न्यूट्रिनो काहून अडकला, असं एखादीनं विचारलं तं?"

मी केशरबाईपुढची एक काडी उचलून निवडू लागलो.

"मायासाठी तारा फोडू नका," ती म्हणाली. "नोकरी मले पायजे. लई पायजे. पन ती भांड्यातून नोको."

केशरबाईने देठ टोपलीत टाकला. "तुमी दोघंई शिकून येडे झाले बाप्पा."

तेव्हा मी केशवरावांना कळवले की मी सही करायला तयार आहे, एका अटीवर. प्रत्येक शास्त्रीय निबंधात कार्यपद्धतीचे वर्णन असते. कोणती उपकरणे वापरली, मोजमाप कसे केले, हे वाचकाला सांगावेच लागते. आमचे उपकरण माणसांचे होते. कार्यपद्धतीत एक परिच्छेद मी लिहीन, आणि तो जसाच्या तसा छापला जाईल. परिच्छेद असा होता:

"सहाव्या थरातून सातव्या थराकडे जाणारी चिठ्ठी सकाळच्या सत्रात हातातून हातात दिली जात नसे. ती दोन मेजांमधील तिवईवरच्या ताम्हणात टाकली जाई; तेथून आठव्या थराचे गणक सवडीने तिची नक्कल करून सातव्या थरास देत. सहाव्या थराच्या गणक बौद्ध आहेत. या व्यवस्थेमुळे न्यूट्रिनोंची ऊर्जा विलंबाने व एकत्रितपणे सातव्या थरात पोहोचली. आढळलेला स्फोट हा या विलंबाचा परिणाम आहे. असा विलंब घडवून आणणारी कोणतीही नैसर्गिक प्रक्रिया लेखकांना ज्ञात नाही."

परिच्छेद खरा आहे की नाही हे ज्यांना सर्वांत चांगले ठाऊक, त्यांच्याकडे तो नेणे हे शास्त्रीय शिस्तीला धरून होते. सत्यभामाबाईंनी मला ओसरीवर बसवले. आत बोलावले नाही. चष्मा लावून त्यांनी परिच्छेद दोनदा वाचला.

"चूक आहे यात."

"कोणती?"

"ताम्हण नव्हतं ते. ताम्हण देवाचं. देवाचं भांडं मी जिनिंगमध्ये नेईन का? तबक होतं. घरातलं जुनं तबक. 'तबक' करा."

मी ताम्हण खोडून तबक केले.

"बाकी?"

"बाकी खरं आहे." त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिले. "पोरगी हुशार आहे. तिच्या आकड्यात एक चूक मला सापडली नाही, आणि मी शोधायचं बाकी ठेवलं नाही. सही कुठे करू?"

"तुमचे भाऊ रागावतील."

"केशव? केशवला लहानपणापासून उत्तर आधी माहीत असतं, मग तो गणित करतो." त्यांनी सही केली, तारीख घातली. "पण एक सांगून ठेवते. उद्या पुन्हा बसायला बोलावलंत तर तबक मधे राहील. मी खोटं बोलणार नाही आणि शिवणारही नाही."

मी कागद उचलला. तो मला हातात मिळाला नव्हता. जमिनीवर ठेवलेला होता; संध्याकाळची सवलत जिनिंगपुरती होती. या बाईंचा मला जितका राग यायला हवा होता तितका आला. तरीही त्या महिन्यात माझ्याशी खरे बोललेल्या उच्चवर्णीय त्या एकट्याच, आणि ही गोष्ट मी त्यांच्या बाजूने मांडत नाही. इतरांच्या विरुद्ध मांडतो.

केशवरावांनी माझी अट ना मानली, ना नाकारली. जूनमध्ये समिती बसली. प्राचार्य, केशवराव आणि विद्यापीठाने पाठवलेले एक वृद्ध प्रतिनिधी. जयवंताची मुलाखत झाल्यावर केशवरावांनी खेदाने सांगितले, की उमेदवाराचा गणनेचा अनुभव दुर्दैवाने सदोष ठरला आहे. प्राचार्यांनी मला खुलाशासाठी आत बोलावले. मी परिच्छेद वाचून दाखवला, खालच्या सहीसकट.

प्रतिनिधींनी कागद मागून घेतला आणि खालची सही पुन्हा वाचली.

"यात भौतिकशास्त्र कुठे आहे?" प्रतिनिधींनी विचारले.

"तेच विचारायला मी आलो आहे. निबंध नागपूरला वाचला जाणार आहे."

"निबंध मी मागे घेतो आहे," केशवराव घाईने म्हणाले. "काही तांत्रिक कारणं आहेत."

"मग सहाव्या थरात दोष नव्हता असं धरायचं ना?" मी विचारले.

"ते या समितीच्या कक्षेत येत नाही," प्राचार्य म्हणाले. त्यांचा स्वर इतका सौम्य होता की त्यात एखादे बाळ झोपले असते. "वातावरण थोडं कटु झालं आहे. या वर्षी जागा रिकामी ठेवू. कोणावर अन्याय नको."

बाहेर आल्यावर केशवराव माझ्या कानाशी आले. "तिचं नुकसान तुम्ही केलंत, तेलगोटे. हे लक्षात ठेवा."

मी ते लक्षात ठेवले आहे. कोणी केले तेही.

दिवाळीच्या सुटीत अकोल्यात एका शाळेच्या वर्गात आम्ही पुन्हा ओळ मांडली. खुशालराव आपणहून आले. "या खेपेले फक्त माया थर," ते कान पकडून म्हणाले. सातव्या मेजावर बसायला कोणी मिळाले नाही, म्हणून जयवंता सहावा आणि सातवा दोन्ही थर करी. एका खुर्चीवर लिहायचे, उठायचे, दुसऱ्या खुर्चीवर बसून वाचायचे. घंटा तिच्यासाठी सावकाश वाजवली. तारा फुटला नाही. न्यूट्रिनो सातव्या थरातून निघून गेले आणि मागे गाभा आत आत खचत राहिला. नऊ थरांचे ओबडधोबड गणित होते ते. खरा तारा काय करतो हे त्यावरून ठरत नाही, आणि मी तसे कुठे म्हटलेले नाही. एवढे मात्र ठरले, की आधीचा स्फोट ताऱ्याचा नव्हता. माझ्या आणि जयवंताच्या नावाने तो निष्कर्ष एका छोट्या नियतकालिकात आला. तबकाचा उल्लेख संपादकांनी 'अप्रस्तुत' म्हणून गाळला.

पुढच्या जूनमध्ये जागेची जाहिरात पुन्हा निघाली. मागच्या वर्षी तिच्यात अर्हतेपुढे 'गणित किंवा भौतिकशास्त्र' असे होते. या वर्षी नुसते 'भौतिकशास्त्र'. बाकी मजकूर शब्दशः तोच. जयवंताने तरीही अर्ज केला. तिला मुलाखतीचे पत्र आले नाही.

मुलाखतींच्या दिवशी मी वर्ग संपवून कार्यालयाकडे गेलो तेव्हा ती समितीच्या दारासमोरच्या बाकावर बसलेली होती. शेजारी तीन उमेदवार होते; त्यांच्याकडे पत्रे होती. मी काही विचारायच्या आत दार उघडले आणि विद्यापीठाचे तेच वृद्ध प्रतिनिधी पाणी मागायला बाहेर डोकावले.

"या बाई कोण?"

"अपात्र ठरलेल्या उमेदवार," आतून केशवराव म्हणाले. "अर्हता बसत नाही."

जयवंता उठून दारात उभी राहिली. अकोल्याची बोली तिने त्या दिवशी घरी ठेवली होती.

"मागच्या वर्षी माझी अर्हता बसत होती. मुलाखतही झाली होती. मधल्या काळात माझं शिक्षण कमी झालेलं नाही. जाहिरातीतला एक शब्द गेला आहे. तो का गेला, एवढंच विचारायला आले आहे. कारण सांगा, मी जाते."

प्राचार्यांनी केशवरावांकडे पाहिले. केशवरावांनी जाहिरातीचा कागद हातात घेतला, जणू तो आज पहिल्यांदा पाहत होते. प्रतिनिधींनी पाण्याचा पेला हातात धरून ठेवला होता आणि ते प्यायचे विसरले होते.

"विभागाची गरज..." केशवरावांनी सुरुवात केली.

"जागा गणिती भौतिकीची आहे," ती म्हणाली. "विभागाला गणित नको झालं, हे कधी ठरलं? कोणत्या बैठकीत?"

अशी बैठक झालेली नव्हती. विभागात मी होतो. मला माहीत होते, आणि मी ते मोठ्याने सांगितले.

"बाई, आपण बाहेर बसा," प्राचार्य म्हणाले. "आम्ही विचार करून कळवतो."

"कळवा," जयवंता म्हणाली. "मी इथेच आहे."

ती पुन्हा बाकावर बसली. पहिल्या उमेदवाराला आत बोलावण्यात आले, मग दुसऱ्याला, तिसऱ्याला. मी तिच्या शेजारी बसलो. दोन वाजता मुलाखती संपल्या आणि शिपाई कार्यालय बंद करायला आला. आत बसलेल्या समितीच्या तिघांना बाहेर पडायला दुसरे दार नव्हते, आणि कारण अजून कोणीच सांगितलेले नव्हते. ती उठली नाही.